रिकामी पुंगळी बाहेर कशी येते? तुमची थीम टेबलावरच पडलीये

या वेळचं पत्र एका वाचक ताईंचं आहे, थोडं आखडून देतोय:

"नमस्कार काका. मामा गेले तेव्हा त्यांचं वेब्ली मार्क सिक्स रिव्हॉल्व्हर सगळी कागदपत्रं होऊन माझ्या नावावर आलं आणि तिथून मला हे वेड लागलं. दोन वर्षांत आणखी तीन घेतली. एक नागान 1895, त्यावर 1931 साल आहे, एक छोटं बेल्जियन पिनफायर आणि एक स्पॅनिश, स्मिथ अँड वेसनची कॉपी. आता जो तो म्हणतो संग्रहाची थीम ठरव नाहीतर नुसता ढीग होईल. फक्त कोल्ट घेऊ, की पहिल्या महायुद्धातली, की एकाच देशाची? एका विक्रेत्याने 1851 चं कोल्ट नेव्ही दाखवलंय, आरशासारखं चमकतं, कुणा अधिकाऱ्याचं होतं म्हणे. पिनफायरचं सिलिंडर अडकलंय, तेल सोडून फिरवून बघतेय. मामांचं वेब्ली त्यांच्याच चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलंय. बाकीची विकून नव्याने सुरुवात करू का?"

ताई, थीमचं नंतर बोलू. आधी ते पिनफायर खाली ठेवा. खरंच, हे वाचताय तेवढ्यातच. तेल नको, फिरवणं नको, टोकरणं तर अजिबात नको.

कारण सांगतो. पिनफायरच्या काडतुसात टोपी, म्हणजे दणका बसला की पेटणारी कॅप, आत असते आणि तिच्यावर टेकलेली एक छोटी पितळी पिन पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, कडेतून बाहेर डोकावत असते, घोडा, म्हणजे मागची हातोडी, त्या पिनेवर पडतो आणि बार उडतो. म्हणजे घोड्याचंच काम कशाचाही दणका करू शकतो. अशा छोट्या बेल्जियन पिनफायरचं सिलिंडर अडकतं ते बरेचदा गंजामुळे, पण कधीकधी आत जुनं काडतूस तसंच राहिलेलं असतं आणि त्याची पिन वाकून फ्रेमला अडते. दीडशे वर्षं झाली म्हणून आतली बंदुकीची दारू मेली असं धरून चालायचं नाही, काळी दारू कोरडी राहिली तर ती वय बघत नाही. सिलिंडरच्या मागच्या कडेला काडतुसाच्या प्रत्येक घरासाठी एक बारीक खाच असते. सिलिंडरला हात न लावता, नळीचं तोंड भिंतीकडे ठेवून, बाजूने टॉर्च मारून बघा त्या खाचांतून कुठे पिनेचं टोक दिसतंय का. दिसलं, किंवा नुसती शंका आली, तरी फोन उचला आणि लायसन्सवाल्या गनस्मिथला बोलवा किंवा तो सांगेल तसं करा. तुम्ही स्वतः काही काढायचं नाही. टोपीवाल्या, म्हणजे पर्कशन रिव्हॉल्व्हरचंही हेच, ती कितीतरी वेळा भरलेल्याच सापडतात, कारण भरलेलं रिकामं करायचा सोपा मार्ग म्हणजे उडवणं, आणि ते करायचं कुणाच्या तरी हातून राहून गेलेलं असतं.

आता थीम.

तुमच्या पत्रात तीन पर्याय आहेत, कोल्ट, महायुद्ध, एक देश, आणि तिन्ही ऐकलेले वाटतात. वाईट नाहीयेत, पण बाहेरून आलेत. "फक्त कोल्ट" म्हणजे थीम कमी आणि कॅटलॉग जास्त, मॉडेल मागून मॉडेल, त्यात नळीची लांबी, त्यात फिनिश, संपतच नाही आणि पैसेवाला माणूस तुमच्या पुढेच असणार कायम. महायुद्ध ही चांगली थीम आहे पण फार पसरट. मी एवढं सुचवतो, तुमची चारही रिव्हॉल्व्हरं एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा (पिनफायर मोकळं झाल्यावर) आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी बाहेर कशी काढायची?

बघा काय होतं. पिनफायरमध्ये बाजूचं छोटं दार उघडायचं आणि एका काडीने पुंगळी मागे ढकलायची, एक झाली की सिलिंडर फिरवून दुसरी. वेब्ली मधून मोडायचं, नळी खाली झुकते आणि चांदणीच्या आकाराची चकती वर येऊन सहाच्या सहा पुंगळ्या एका दमात बाहेर फेकते. तुमचं स्पॅनिश, स्मिथची कॉपी म्हणताय म्हणजे कदाचित तेही असंच मधून मोडणारं असेल, पण त्याचं कुलूप आणि बिजागर वेब्लीच्या शेजारी ठेवून बघा, फरक दिसेल. आणि नागान! ते 1895 चं डिझाइन, वेब्लीचं मोडणारं घराणं सुरू झाल्यानंतरचं, तरी त्यात परत दार आणि काडी. एकेक करून सात. म्हणजे काळ पुढे गेला आणि पुंगळी काढायची पद्धत मागे गेली. का? हा प्रश्न पडला ना, तीच तुमची थीम. तुम्ही नकळत तिच्याच मागे फिरत होतात असं मला पत्र वाचताना वाटलं.

नागानचं उत्तर मला फार आवडतं म्हणून सांगून टाकतो. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात एक फट असतेच, तिथून गॅस निसटतो. बेल्जियमच्या लिएजमधल्या लेऑन नागानने असं केलं की घोडा चढला की सिलिंडर पुढे सरकतं आणि नळीला भिडतं, आणि काडतुसाची पुंगळी गोळीपेक्षा लांब असते, गोळी पूर्ण आत बुडालेली, त्यामुळे पुंगळीचं तोंड नळीत शिरतं आणि फट बंद होते. आता जे सिलिंडर प्रत्येक वेळी पुढे मागे सरकणार त्याला बिजागरावर मोडायचं किंवा बाजूला झुलवायचं म्हणजे अवघड काम. म्हणून फ्रेम अखंड ठेवली आणि काडी सिलिंडरच्या पोकळ आसात लपवली, डोकं फिरवून पुढे ओढायची, बाजूला वळवायची, मग ढकलायची. रशियाने ते घेतलं, 1898 पासून तिथल्या 'तुला' नावाच्या शहरात बनायला लागलं आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत बनत राहिलं. एका गोष्टीसाठी दुसरी सोडावी लागली. अशा देवघेवीच दाखवायच्या आहेत तुमच्या संग्रहाला.

आता ही थीम धरली तर काय काय लागेल ते बोलू, आणि इथे मी जरा लांबणार आहे.

सुरुवात पुंगळीच नसलेल्या रिव्हॉल्व्हरने करा. पर्कशनच्या काळात सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू, मग गोळी, आणि मागे तांब्याची टोपी. उडवल्यावर काढायला काही उरतच नाही, पण परत भरायला जन्म जातो. सॅम्युअल कोल्टचं अमेरिकन पेटंट 1836 चं, त्याची पॅटरसनची पहिली कंपनी 1842 मध्ये बुडाली, 1847 च्या वॉकर नावाच्या रिव्हॉल्व्हरने तो परत उभा राहिला. पॅटरसन आणि वॉकरचा विचारही करू नका, वॉकर जेमतेम 1,100 बनली होती, ती म्युझियमांच्या पातळीवरची गोष्ट आहे. पण 1851 चं नेव्ही अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये दोन लाख पंधरा हजारांच्या आसपास बनलं आणि लंडनच्या कारखान्यात साधारण 42,000. ते मिळण्यातलं आहे. म्हणजे विक्रेता दाखवतोय तो प्रकार तुमच्या थीममध्ये बसतो, तेच रिव्हॉल्व्हर बसतं का ते खाली सांगतो.

पण कोल्टच हवं असं काही नाही. त्याच 1851 साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्सने अखंड फ्रेमवालं रिव्हॉल्व्हर पेटंट केलं, कोल्टची फ्रेम वरून उघडी, याची बंद. किंवा रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मी, ज्याला सगळे "1858" म्हणतात. ते साल त्याच्या नळीवर आहे खरं, पण पेटंटची तारीख म्हणून, 14 सप्टेंबर 1858, हे मॉडेल प्रत्यक्षात बनलं त्यानंतर काही वर्षांनी. हे मुद्दाम सांगतोय, जुन्या रिव्हॉल्व्हरवर दिसणारं साल हे बनल्याचं साल असेलच असं नाही.

मग येतं काडतूस, आणि इथे गंमत आहे, युरोप पुढे आणि अमेरिका अडकलेली. फ्रान्समध्ये काझिमीर लफोशेने 1830 च्या दशकातच पिनफायर काढलं होतं, त्याच्या मुलाचं, यूजेनचं, 1854 चं रिव्हॉल्व्हर फ्रेंच नौदलाने 1858 मध्ये घेतलं. अमेरिकेत मात्र रोलिन व्हाइट नावाच्या माणसाकडे 3 एप्रिल 1855 चं पेटंट होतं, नंबर 12,648, आणि त्यात आरपार छिद्र असलेलं सिलिंडर होतं. मागून काडतूस भरायचं तर छिद्र आरपार हवंच ना! स्मिथ अँड वेसनने त्याच्याशी करार केला, प्रत्येक नगामागे 25 सेंट, आणि 1857 मध्ये पहिलं मॉडेल काढलं, सात घरांचं, .22 चं. नळी वर उचलायची, सिलिंडर पूर्ण काढून घ्यायचं आणि नळीखालच्या दांड्यावर दाबून पुंगळ्या पाडायच्या. बाकीचे अमेरिकन 1869 पर्यंत, पेटंट संपेपर्यंत, हात चोळत बसले किंवा पळवाटा शोधत राहिले. कोर्टकचेरीचा खर्च करारात व्हाइटवर होता, त्याने मुदतवाढीसाठी अमेरिकन संसदेकडे, काँग्रेसकडे, धाव घेतली आणि 1870 मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटनी ते विधेयक परत पाठवलं. एका पेटंटमुळे एवढ्या मोठ्या देशाची रिव्हॉल्व्हरं बारा-चौदा वर्षं थांबून राहिली, तुमच्या संग्रहात तीन इंचाचं ते छोटं स्मिथ आलं की ही अख्खी गोष्ट आली.

1869 नंतर बांध फुटतो आणि सगळे वेगवेगळे मार्ग काढतात, माझ्यासाठी हा सगळ्यात श्रीमंत काळ. स्मिथ अँड वेसन मॉडेल थ्री, 1870, मधून मोडलं की पुंगळ्या आपोआप बाहेर, तुमच्या वेब्लीच्या घराण्यातलं थोरलं माणूस. कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, 1873, दार आणि काडी, हळू पण दणकट, बिघडायला कमी जागा. फ्रेंच 1873 चं, सेंत एतिएनच्या सरकारी कारखान्यातलं, तेही दार आणि काडीवालं, पण घोडा वेगळा न चढवता नुसता चाप ओढून उडणारं, म्हणजे डबल अ‍ॅक्शन आणि काम इतकं सुबक की हातात घेतल्यावर बाजूची पट्टी उघडून आतला यंत्रभाग बघावासा वाटतो. लिएजच्या गालाँचं 1868 चं बघा, खालचा लांब दांडा पुढे ओढला की नळी आणि सिलिंडर दोन्ही पुढे सरकतात आणि पुंगळ्या मागच्या चकतीत अडकून मोकळ्या होतात. आणि मर्विन हल्बर्ट, नळी पिळायची आणि पुढे ओढायची, रिकाम्या पुंगळ्या खाली पडतात पण भरलेली काडतुसं गोळीच्या लांबीमुळे आतच राहतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी ते पाच-सहा वेळा उघडबंद केलं होतं, इतकं समाधान देतं ते.

शेवटी सगळे जिथे येऊन थांबले ते बाजूला झुलणारं सिलिंडर. कोल्टचं 1889 चं, अमेरिकन नौदलाने घेतलेलं, मग स्मिथचं 1896 चं हँड इजेक्टर. फ्रेंच 1892 मध्ये सिलिंडर उजवीकडे झुलतं, बाकी बहुतेकांचं डावीकडे, दोन्ही शेजारी ठेवून दाखवण्यासारखी. मधून मोडणारी मागे का पडली तर बिजागर आणि वरचं कुलूप हा त्यांचा कच्चा दुवा, काडतुसं जोरदार होत गेली तशी अखंड फ्रेम बरी ठरली. पण ब्रिटिशांनी काही ते सोडलं नाही, वेब्ली मार्क वन 1887 चं, तुमचं मार्क सिक्स 1915 ला मंजूर झालेलं, आणि 1932 चं एनफिल्ड नंबर टू सुद्धा मोडणारंच. हट्ट म्हणा किंवा विश्वास म्हणा.

एवढं सगळं मोजलं तर दहा-बारा नग होतात. तेवढेच ठेवा. एकेका पद्धतीचा एकच नमुना, दुसरा चांगला मिळाला तर पहिला विकायचा. सगळे महाग नसतात बरं का, गालाँ आणि मर्विनसाठी थांबावं लागेल, पण बेल्जियन आणि स्पॅनिश मंडळी अजून पुष्कळ मिळतात आणि तुच्छ मानली जातात, जे मला पटत नाही. तुमचं स्पॅनिश एइबार या स्पेनमधल्या गावचं आहे का बघा. एइबारच्या कारखान्यांनी स्मिथच्या भरपूर नकला केल्या, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला 8 मिलिमीटरची रिव्हॉल्व्हरंही तिथूनच गेली. त्यातलं ओर्बेआ हे नाव दिसलं तर ओळखीचं वाटेल, 1840 मध्ये शस्त्रांपासून सुरू झालेली ती कंपनी आता सायकली बनवते. नक्कल आहे म्हणून विकू नका. नक्कल करणाऱ्याने काय जसंच्या तसं घेतलं आणि कुठे काटकसर केली हे तुमच्या थीममध्ये खूप बोलेल.

म्हणजे विकू का या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. चारही राहू देत.

आता ते आरशासारखं कोल्ट.

मला त्या चमकण्याचीच भीती वाटते. पावणेदोनशे वर्षांचं पोलाद आरशासारखं असेल तर ते एकतर कुणी पेटीतून काढलंच नाही, जे फार म्हणजे फार दुर्मिळ, किंवा कुणीतरी मशीनवर घासून परत काळं-निळं केलंय, किंवा ते मुळात जुनंच नाही. 1950 च्या दशकाच्या शेवटापासून इटलीत याच मॉडेलच्या उत्तम प्रतिकृती बनतात, त्यांच्यावरचे इटालियन प्रूफचे, म्हणजे शस्त्र चाचणीत उतरल्याचे, शिक्के खोडून, अ‍ॅसिडने जुनाट करून विकणारे असतात. मी स्वतः सुरुवातीला एक असंच घासलेलं घेतलं होतं, विक्रेत्याने "ओरिजिनल फिनिश" सांगितलं, मी दिव्याखाली नीट बघितलंच नाही, आणि ते वाईट अजून वाटतं कारण पैशापेक्षा एक चांगलं रिव्हॉल्व्हर कुणीतरी खराब केलेलं मी बक्षीस दिल्यासारखं विकत घेतलं.

तर काय बघायचं. नेव्हीच्या सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचं चित्र दाबून उठवलेलं असतं, टेक्सासच्या नौदलाची 16 मे 1843 ची लढाई, तारीखही लिहिलेली असते. नेव्ही हे नाव रूढ झालं ते त्या चित्रामुळे, फक्त नौदलासाठी बनलं म्हणून नव्हे. ते चित्र पुसट आणि वरचा रंग मात्र नवा कोरा, असं असेल तर गडबड. नळीवरच्या पत्त्याची अक्षरं धारदार हवीत, कडा गोलसर झालेल्या नकोत. स्क्रूच्या भोवतीची जागा बशीसारखी खोल झालेली दिसली तर पॉलिशिंगच्या चाकाचं काम. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर कुणीतरी घरच्या स्क्रूड्रायव्हरने उघडलंय. मग सिरियल नंबर, नळीच्या खालच्या भागावर, फ्रेमवर, ट्रिगर गार्डवर, मुठीच्या पट्टीवर, सिलिंडरवर, नळी जागेवर धरणाऱ्या पाचरीवर सुद्धा, सगळीकडे जुळायला हवा. नळीतली पाचर बदललेली बरेचदा सापडते, ते मी समजून घेतो, पण सिलिंडर वेगळं असेल तर भाव आणि मत दोन्ही खाली.

आणि तो "अधिकारी". त्याचं नाव, पत्र, खरेदीची पावती, जुना फोटो ज्यात नंबर वाचता येतो, यातलं काही आहे का विचारा. नसेल तर अधिकारी नव्हताच असं समजून भाव ठरवा. कागद असूनही किती संभाळून बोलावं लागतं याचं उदाहरण तुमच्या पिनफायरच्याच भावकीतलं आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने ज्याने स्वतःवर गोळी झाडली असं मानतात ते 7 मिलिमीटरचं लफोशे प्रकारचं रिव्हॉल्व्हर, फ्रान्समधल्या ओवेर गावच्या शेतात 1960 च्या दशकात एका शेतकऱ्याला सापडलेलं, गंजून नुसता सांगाडा उरलेला. जागा जुळते, किती वर्षं मातीत होतं ते जुळतं, गोळीचा आकार जुळतो, तरी जाणकार "असू शकेल" एवढंच म्हणतात. 2019 मध्ये पॅरिसच्या लिलावात ते 162,500 युरोला गेलं. तुमच्या विक्रेत्याकडे याच्या दहावा हिस्सा पुरावाही नाही आणि ठामपणा मात्र दहापट.

कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांच्या बाबतीत कारखान्याच्या जुन्या वह्यांवरून पत्र मागवता येतं, कोणत्या तारखेला कुठे पाठवलं वगैरे, पैसे घेतात पण घ्यावं. फक्त कोल्टच्या हार्टफर्ड कारखान्याला फेब्रुवारी 1864 मध्ये मोठी आग लागली होती, त्याआधीच्या नेव्हीबद्दल फार आशा ठेवू नका. युरोपियन नगांसाठी प्रूफचे शिक्के शिका, अंडाकृतीत ईएलजी आणि तारा दिसला की लिएज, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 पासूनचं. यावर भिंगासकट एक रविवार घालवा, दहा खोट्या गोष्टींपासून वाचाल.

तुमच्या नागानवर मात्र परत केलेलं फिनिश दिसलं तर घाबरू नका. सैन्याच्या कारखान्यांनी ती दुरुस्त करून, रंग देऊन गोदामात ठेवली, ते त्या वस्तूच्या आयुष्याचाच भाग आहे. सैन्याने केलेलं आणि विकण्यासाठी दुकानदाराने केलेलं यात मी फरक करतो. वेब्लीचंही एक तपासा, सिलिंडरच्या मागच्या बाजूचा नंबर अर्धा कापला गेलाय का. युद्धानंतर बरीच वेब्ली अमेरिकेत विकताना .45 एसीपी ही अमेरिकन पिस्तुलाची काडतुसं बसावीत म्हणून मागून तासली गेली, आणि ती काडतुसं त्या रिव्हॉल्व्हरला झेपणाऱ्या दाबापेक्षा जड आहेत. तासलेलं निघालं तर ते उडवायचा विचार कुणी बोलून दाखवला तरी ठाम नाही म्हणा. खरं तर संग्रहातलं कुठलंच उडवू नका, काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरात आजची बिनधुराची दारू म्हणजे फ्रेम फुटायची वाट.

कायदा. तुमचं वेब्ली कागदावर आहे हे वाचून बरं वाटलं, पण बाकीच्या तिघांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये आणि ते मला खटकलं. "अँटिक" हा शब्द प्रत्येक देशात वेगळा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात 1898 किंवा त्याआधी बनलेलं असेल तर अँटिक, राज्यांचे नियम त्यावर वेगळे. म्हणजे तिथे 1898 चं नागान एका खात्यात आणि तुमचं 1931 चं दुसऱ्या खात्यात, दिसायला भाऊ भाऊ. ब्रिटनमध्ये वयाबरोबर काडतूस कोणतं यावरही ठरतं, आणि 2021 मध्ये त्यांनी सात काडतुसं सवलतीच्या यादीतून काढली, त्यात 11 मिलिमीटर फ्रेंच 1873 आणि .44 रशियन पण. म्हणजे वर मी ज्या फ्रेंच रिव्हॉल्व्हरचं एवढं कौतुक केलं ते कालपर्यंत कपाटात चालत होतं आणि नियम बदलल्यावर त्याला परवाना लागायला लागला. म्हणून प्रत्येक खरेदीच्या आधी, पैसे द्यायच्या आधी, तुम्ही जिथे राहता तिथल्या परवाना देणाऱ्या कार्यालयातून लेखी विचारून घ्या, विक्रेता "याला काही लागत नाही" म्हणाला तर तेही लेखी मागा. नमुन्यासाठी रिकाम्या पुंगळ्या मांडायच्या असतील, आणि या थीममध्ये त्या मांडायलाच हव्यात, तर त्यांचेही नियम असतात. आणि मूठ हस्तिदंताची असेल तर सीमा ओलांडताना ती वेगळी अडचण.

राहिलं होल्स्टर. मामांची आठवण आहे हे कळतं, पण चामडं ओलावा धरतं, त्यातली आम्लं आणि मीठ पोलादाला गंज देतात आणि पितळेवर तो हिरवा थर आणतात. रिव्हॉल्व्हर बाहेर काढा, होल्स्टर वेगळं ठेवा, आत आम्लमुक्त कागद भरून म्हणजे आकार राहील. हातमोजे घालून हाताळा, घामाचा ठसा दोन दिवसांत उमटतो. पोलादावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात, म्युझियमवाले वापरतात ते, तेल जास्त झालं की मुठीच्या लाकडात झिरपून ते काळं आणि मऊ पडतं. कुलूपबंद पोलादी कपाट, पन्नास टक्क्यांच्या आत दमटपणा, एक छोटा हायग्रोमीटर आत ठेवा. ओकच्या लाकडाची सुंदर पेटी कुणी भेट दिली तर त्यात काहीतरी दुसरं ठेवा, ओक आम्लाची वाफ सोडतं. लालसर गंज दिसला तर तेल आणि मऊ कापड, धीराने. तपकिरी झालेला जुना थर घासून काढायचा नाही, तो गेला की परत येत नाही.

कोल्टच्या विक्रेत्याला सध्या एवढंच सांगा की सगळ्या नंबरांचे आणि सिलिंडरच्या चित्राचे उजेडातले फोटो पाठवा. तो काय पाठवतो किंवा पाठवत नाही त्यावर बरंच कळेल, मला पण पाठवा, मी बघतो. आणि एक वही करा आजच, प्रत्येक नगाला एक पान, नंबर, शिक्के, कुठून आलं, कागद कुठे ठेवलेत, आणि पुंगळी कशी निघते त्याचं हाताने काढलेलं चित्र, वाकडं आलं तरी चालेल. पहिलं पान मामांच्या वेब्लीचं असू द्या, त्यांना ते कुठून मिळालं, कधी, ते त्याबद्दल काय बोलायचे, घरातल्या कुणाकुणाला आठवतंय त्यांना विचारून लिहून घ्या, मोठी माणसं आहेत तोवर.